पन्नाशीला आलेलं पाकीट

पन्नासावा वाढदिवस झाला आणि काही दिवसांतच इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेचं पाकीट दारात येऊन पडलं. आत बोटाएवढी प्लास्टिकची बाटली, झाकणालाच जोडलेली काडी. ती शौचावर फिरवायची, बाटलीत खुपसून झाकण लावायचं, तारीख लिहायची आणि पोस्टाच्या पेटीत टाकायची. तिकीटसुद्धा लागत नाही. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या तपासणीसाठी ही; शौचात डोळ्यांना न दिसणारं रक्त आहे का, एवढंच ही ‘फिट’ चाचणी बघते. तरी तीन आठवडे ते पाकीट कपाटावर पडून होतं. शिकल्यासवरलेल्या माणसालाही किळस येतेच.

पूर्वी इथे ही बाटली साठीत यायची. २०२१ पासून वय टप्प्याटप्प्याने पन्नासवर आणलं. अमेरिकेतल्या तज्ज्ञगटाने त्याच वर्षी ४५ सुचवलं. तिथे १९९० च्या आसपास जन्मलेल्यांना मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १९५० च्या पिढीच्या दुप्पट, गुदाशयाच्या कर्करोगाचा चौपट आढळला होता. लठ्ठपणा, बैठं काम, आतड्यातले जिवाणू... संशयित बरेच, पुरावा अपुरा.

मी हे घरच्या ग्रुपवर लिहिलं आणि वाद पेटला. मेहुणे म्हणाले, आपल्याकडेही पंचेचाळिशीला सगळ्यांची कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आतड्याची तपासणी, करा. धाकट्या भावाचं म्हणणं, हा गोऱ्यांचा आजार. मला दोन्ही पटत नाही. भारतात या कर्करोगाचं प्रमाण अजून पाश्चात्त्य देशांपेक्षा बरंच कमी आहे. सरकारी तपासणी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची होते, आणि तो क्रम मला चूक वाटत नाही. पण आपल्याकडे जे रुग्ण येतात त्यांत तरुण बरेच असतात, आणि गाठ पुष्कळदा गुदाशयात असते.

माझा मावसभाऊ अडतीस वर्षांचा. आठ महिने रक्त पडत होतं, आठ महिने मूळव्याधीचं मलम चालू. बोट घालून तपासायचं कुणालाच सुचलं नाही, आणि यानेही लाजेने विषय काढला नाही. शेवटी गाठ सापडली ती बोट पोहोचेल इतक्या अंतरावर. पंचेचाळिशीचा नियम असता तरी त्याच्या काय कामाचा? रक्त पडतंय त्याची तपासणी आधी, वयाचा वाद नंतर.

लवकर तपासणीच्या बाजूने मात्र एक गोष्ट फार मोठी आहे. साध्या पॉलिपचा, म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरावर वाढलेल्या छोट्या कोंबाचा, कर्करोग झालाच तर त्याला बहुधा दहाएक वर्षं लागतात. कोलोनोस्कोपीत तो पॉलिप तिथल्या तिथे काढला, की त्यातून पुढे होऊ शकणारा कर्करोग टळतो. म्हणूनच साठीच्या आत कर्करोग निघालेल्याच्या सख्ख्या भावंडांसाठी अमेरिकेतला हिशेब वेगळा: चाळिशी, किंवा रुग्णाच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, यांतलं जे आधी येईल ते.

मावसभावाची बहीण चौतीस वर्षांची आहे. या हिशेबाने तिची तपासणी अठ्ठाविसाव्या वर्षीच सुरू व्हायला हवी होती. परवा ग्रुपवर विचारलं, तिची वेळ घेतली का? उत्तर आलं, “तिला कुठे काय होतंय?”