बाबा, अर्ज तुम्हीच भरा

इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचे दिवस आले की आमच्या एफसी सेंटरचे, म्हणजे प्रवेशअर्ज तपासणाऱ्या सुविधा केंद्राचे, फोन बोलू लागतात. टेबलामागे बसून तुमच्या मुलांची कागदपत्रं तपासणारा माणूस म्हणून पालकांना चार युक्तीच्या गोष्टी सांगाव्यात असं मनात आलं. फुकट सांगतोय, तेव्हा लक्ष देऊन वाचा.

अर्ज शेवटच्या दिवशी भरायचा. संध्याकाळी. पहिल्या दिवशी अर्ज भरणाऱ्यांना आयुष्यात काही थरार राहत नाही. शेवटच्या संध्याकाळी कसं, सर्व्हर रांगायला लागतो, ओटीपी येत नाही, पैसे खात्यातून जातात आणि पावती मात्र निघत नाही. मग आम्हाला फोन करून "मुदत वाढणार ना हो?" असं विचारता येतं. मुदत बऱ्याचदा वाढतेही. वाढलेल्या मुदतीच्या शेवटच्या संध्याकाळी पुन्हा भेटूच.

मोबाइल नंबर कॅफेवाल्याचा टाका. ईमेलही त्याचाच. पासवर्ड त्याच्या वहीत आहे आणि तो गावाला गेलाय.

मार्कशीटचा फोटो पलंगावर ठेवून काढावा. चादरीची फुलं स्पष्ट दिसली पाहिजेत आणि बैठक क्रमांकावर अंगठा.

दाखल्यांचं मात्र जरा सविस्तर सांगतो, कारण इथे तुमची प्रतिभा खरी बहरते. नॉन-क्रिमीलेयर, म्हणजे राखीव प्रवर्गातलं कुटुंब उत्पन्नाच्या मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र, पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावं लागतं, असं माहितीपुस्तिकेत छापलेलं आहे. म्हणूनच माहितीपुस्तिका उघडायची नाही. गेल्या वर्षी मोठ्या मुलीसाठी काढलेला दाखला कपाटात आहे ना, तोच चढवा. नाव वेगळं आहे हे आम्हाला कुठे कळणार? जातीचा दाखला आणि व्हॅलिडिटी (त्या दाखल्याची पडताळणी झाल्याचं प्रमाणपत्र) ही एकच गोष्ट आहे असं ठामपणे सांगा, आवाज चढवून सांगितलंत तर ती एक होतेही. बारावीला असतानाच पडताळणी समितीकडे अर्ज करता येतो, पण ते वर्ष अभ्यासाचं असतं, त्यात कशाला? निकालानंतर धावपळ करा, पावती जोडा, आणि मूळ प्रमाणपत्र ठरलेल्या तारखेपर्यंत न आल्यामुळे अर्ज खुल्या प्रवर्गात गेला की आम्हाला येऊन जाब विचारा. तहसील कचेरीतला उशीरही आमच्याच खात्यावर टाका. इथे पंखा आहे, बसून ओरडता येतं.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के. "९२ टक्के पडूनसुद्धा कॉलेज मिळत नाही म्हणजे कमाल आहे!" हे वाक्य पाठ करून ठेवा. ते ९२ म्हणजे साधारण शंभरातले आठजण अजून पुढे आहेत, आणि परीक्षेला लाखो मुलं बसतात, असल्या हिशेबात पडू नका.

ऑप्शन फॉर्ममध्ये कॉलेज आणि ब्रँचचे ३०० पर्यंत पर्याय पसंतीच्या क्रमाने देता येतात. शेजारच्या मुलाची यादी मागून आणा. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की सीट आपोआप फ्रीझ होते आणि पुढच्या फेऱ्यांची दारं बंद होतात, त्यामुळे तिथे "सहज टाकून बघू" म्हणून काहीही टाका. मिळालं की या सांगायला, की आम्ही ते सहज टाकलं होतं.

प्रोव्हिजनल मेरिट लिस्ट लागल्यावर चुका दुरुस्त करायला दिवस दिलेले असतात. ते देवदर्शनासाठी.

आणि आता पाठपुरावा. यातले महामहोपाध्याय परवा भेटले. एका गृहस्थांचा सकाळी फोन आला, मुलाचा अर्ज रिव्हर्ट झालाय (म्हणजे दुरुस्तीसाठी आम्ही परत पाठवलाय), का झालाय? म्हटलं, लॉगिनमध्ये कारण लिहिलेलं असतं, उघडून बघा. "ते तुम्हीच बघून सांगा ना साहेब." बघितलं. नॉन-क्रिमीलेयरची मुदत संपलेली. नवीन दाखला चढवा म्हटलं. जेवणाच्या सुट्टीत पुन्हा फोन, यावेळी पत्नीच्या नंबरवरून, बोलणारे तेच. मग कुणा भाच्याचा फोन, तो मंत्रालयात असतो म्हणे. मग व्हॉट्सअ‍ॅपवर "सर प्लीज चेक" आणि खाली हात जोडलेले. मी विचारलं, मुलगा कुठाय? झोपलाय. त्याला ब्रँच कुठली हवीय? "त्याला काय कळतंय हो, लहान आहे अजून."

दुसऱ्या दिवशी लहान बाळाला घेऊन आले. सहा फूट उंच. मी बाळाला विचारलं, दहावीच्या मार्कशीटवर नाव कसं आहे? उत्तर बाबांनी दिलं. स्वतःचं नाव सांगायलासुद्धा त्याला तोंड उघडू दिलं नाही! जन्मतारीख विचारली, तीही बाबांनी सांगितली, आणि चुकीची सांगितली. पोरगा मान खाली घालून फोनमध्ये. दाखला? तो अजून काढलेलाच नव्हता. भाच्याने मंत्रालयातून फोन केला होता ना, मग दाखला कशाला लागतो?

आता युक्त्या राहू द्या. साहेब, तुम्ही "जरा एकच मिनिट" म्हणत रांग मोडून पुढे घुसलात, तेव्हा तुमच्यामागे एक मुलगी उभी होती. एसटीने एकटी आलेली. तिने अर्ज स्वतः भरला होता, रिव्हर्टचं कारण स्वतः वाचलं होतं, दुरुस्त दाखला घेऊन आली होती. तिचं काम पाच मिनिटांचं होतं. तुमचं एक मिनिट पाऊण तास चाललं आणि तिची परतीची गाडी गेली. तुम्ही तिच्याकडे एकदाही बघितलं नाहीत.

तुमचा मुलगा १८ वर्षांचा झालाय, मतदान करेल. चार वर्षं शिकायचंय त्याला, तुम्हाला नाही. स्वतःच्या अर्जाचं लॉगिन त्याने उघडलेलं नाही, कारण तुम्ही त्याला उघडू दिलेलं नाही. आम्ही इथे दिवसभर अर्ज तपासतो. तुमची प्रतिष्ठा, तुमचा भाचा आणि तुमचा आवाज यांसाठी त्या अर्जात रकाना नाही.

दाखला निघाला की मुलाला पाठवा. लॉगिन त्याच्या फोनवर उघडलेलं असू द्या. तुम्हाला यायचंच असेल तर या, पण बाहेरच्या बाकावर बसा, आणि मी त्याला काही विचारलं तर कृपा करून गप्प राहा.