अपील केल्याने शिक्षा वाढते, ही भीती कोणी पसरवली?

जबरी चोरी, दरोडा आणि अमली पदार्थांच्या खटल्यांतील अपिलांविषयी एक संदेश सध्या दापोली-गुहागरकडे फोनाफोनांवर फिरत आहे. अपील केल्यास उच्च न्यायालय शिक्षा वाढवते, गांजाच्या प्रकरणात अपील नसतेच, तीस दिवस उलटले की हक्क संपतो आणि गरिबाला हा खर्च झेपणारा नाही, असे त्याचे म्हणणे. माझ्या आतेबहिणीच्या दिराला जबरी चोरीसाठी शिक्षा झाली आहे आणि हा संदेश वाचून घरच्यांनी अपिलाचा विचारच सोडला, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

पहिला दावा सर्वांत घातक आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 427, म्हणजे जुन्या दंड प्रक्रिया संहितेचे कलम 386, संदेशकर्त्याने उघडूनही पाहिलेले दिसत नाही. आरोपीच्या अपिलात न्यायालय त्याला निर्दोष सोडू शकते, खटला पुन्हा चालवण्याचा आदेश देऊ शकते, शिक्षा कमी करू शकते किंवा तिचे स्वरूप बदलू शकते. मात्र शिक्षा वाढेल असा बदल करता येणार नाही, हे त्याच कलमात लिहिलेले आहे. सात वर्षांची शिक्षा झालेल्याने दाद मागितली म्हणून त्याच्याच अपिलात तिची दहा वर्षे होत नाहीत. सरकार शिक्षा अपुरी असल्याचे सांगून स्वतंत्र अपील करू शकते आणि उच्च न्यायालयाला पुनरीक्षणाचे, म्हणजे खालच्या न्यायालयाचा निकाल स्वतः तपासण्याचे, अधिकार आहेत, एवढे अर्धसत्य नाइलाजाने मान्य करतो. पण तेथेही आरोपीचे म्हणणे ऐकल्याशिवाय शिक्षा वाढवता येत नाही. शिवाय आरोपी गप्प बसला म्हणून सरकारचे अपील थांबत नाही. मग घाबरून घरी बसण्यात त्याने कमावले काय?

गांजाच्या प्रकरणात अपील नसते, हे तर हास्यास्पद आहे. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याच्या कलम 36-ब मध्येच उच्च न्यायालयातील अपिलाची तरतूद आहे. गोंधळ बहुधा कलम 32-अ मुळे झाला असावा. परंतु अपील प्रलंबित असताना शिक्षा स्थगित करण्याचा न्यायालयाचा अधिकार हिरावणारा त्यातील भाग सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली ‘दादू विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ प्रकरणात घटनाबाह्य ठरवला. गांजा 20 किलोहून अधिक असेल, तर कलम 37 मधील जामिनाच्या कडक अटींमुळे अशी स्थगिती मिळणे अवघड जाते, हे खरे. पण त्यामुळे अपिलाचा हक्क जात नाही.

मुदतीचे थोडक्यात सांगतो. सत्र न्यायालयाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात जाण्यास 60 दिवस असतात, निकालाची नक्कल मिळण्यात गेलेला काळ त्यात धरत नाहीत आणि सबळ कारण असल्यास विलंब माफही होतो.

राहिला खर्च. कैद्याला कारागृह अधिकाऱ्यांमार्फत अपील पाठवता येते आणि 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोठडीतील व्यक्तीला उत्पन्नाचा दाखला न मागता मोफत वकील मिळतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची अपिले 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात, त्यामुळे रत्नागिरीकराला आता मुंबई गाठावी लागत नाही. आंबा घाट चढला की झाले.