‘जेम्स वेबने महास्फोट खोटा ठरवला’: फॉरवर्डमधल्या दाव्यांना उत्तर

गोव्यातल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर पुन्हा फिरू लागलेल्या मजकुराचा गाभा असा: जेम्स वेब अवकाश दुर्बिणीला विश्वाच्या आरंभीच पूर्ण वाढलेल्या दीर्घिका सापडल्या, म्हणजे महास्फोट झालाच नाही. विश्वाचं वय १३.८ नव्हे, २६.७ अब्ज वर्षं आहे. शास्त्रज्ञ घाबरले आहेत. फोटोंचे रंग बनावट आहेत. आणि दीर्घिका बदलताना कुणी पाहिली आहे?

‘पूर्ण वाढलेल्या दीर्घिका सापडल्या.’

याचं मूळ फेब्रुवारी २०२३ मधल्या एका शोधनिबंधात आहे. वेबच्या प्रतिमांतल्या सहा लालसर ठिपक्यांची अंदाजे ताम्रसृती, म्हणजे रेडशिफ्ट, ७.४ ते ९.१ निघाली. विश्वाच्या प्रसरणाने प्रकाशलहरी किती ताणल्या त्याचं हे माप, ते जितकं जास्त तितकी दीर्घिका दूरची आणि काळात मागची. त्यांतल्या ताऱ्यांचं वस्तुमान १० अब्ज सूर्यांहून जास्त, एकाचं तर १०० अब्जांच्या घरातलं. निबंधाने त्यांना ‘उमेदवार’ म्हटलं होतं. फॉरवर्डमध्ये नेमका तोच शब्द गळला.

उमेदवार का, हे समजायला मोजणी पाहावी लागते. इतक्या अंधुक ठिपक्याचा वर्णपट घ्यायला फार वेळ लागतो, म्हणून आधी सात-आठ फिल्टरांतून त्याची तेजस्विता मोजतात. वाटेतला हायड्रोजन १२१.६ नॅनोमीटरहून आखूड लहरी गिळतो. विश्व पसरतं तशी ही कडा (१ + ताम्रसृती) पट ताणली जाते. ताम्रसृती ९ असेल तर ती १.२१६ मायक्रोमीटरवर येते. त्याहून आखूड लहरींच्या फिल्टरांत दीर्घिका गायब, पुढच्या फिल्टरांत हजर. कडा कुठे पडली त्यावरून ताम्रसृतीचा अंदाज, आणि त्या अंदाजावर वस्तुमानाचा दुसरा अंदाज.

फसगत इथेच होते. म्हाताऱ्या ताऱ्यांमुळे ठिपका लाल दिसतो, धुळीमुळेही दिसतो आणि कृष्णविवराभोवतीच्या तप्त वायूमुळेही. फिल्टरांना यातला फरक सहज कळत नाही. सीईईआरएस-९३३१६ या दीर्घिकेचं उदाहरण घ्या. २०२२ मध्ये तिची ताम्रसृती १६.४ च्या आसपास धरली गेली, म्हणजे कडा २.१ मायक्रोमीटरवर. वर्णपट घेतला तेव्हा आकडा निघाला ४.९. धुळीने निळा प्रकाश खाल्ला होता, तर ऑक्सिजनची ५००.७ आणि हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरची रेषा ५.९ पट ताणून २.९५ आणि ३.८७ मायक्रोमीटरवर आल्या होत्या. त्यांनी लांब लहरींचे फिल्टर फुगवले आणि कडेचा भास झाला.

त्या सहांपैकीही एकाची खरी ताम्रसृती ५.६ निघाली, शिवाय त्याच्या वर्णपटात हायड्रोजनची रुंद रेषा होती. सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या वायूची ती खूण. तो प्रकाश ताऱ्यांचा धरला की वस्तुमान अवाच्या सवा वाढतं. २०२४ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या गटाने असे लाल ठिपके वगळून पुन्हा मोजणी केली, तेव्हा विश्वाच्या जडणघडणीच्या प्रचलित सिद्धांताला (प्रमाण प्रतिमानाला) तडा जाईल असं काही उरलं नाही. मोठ्या दीर्घिकांची संख्या मात्र अपेक्षेच्या सुमारे दुप्पट उरली, आणि हे कोडं खरं आहे. सुरुवातीला तारे झपाट्याने, झटक्याझटक्याने बनले का, यावर काम चालू आहे. पण तो प्रश्न तारे कसे बनतात याचा आहे. महास्फोट झाला की नाही याचा नाही.

मग पक्क्या वर्णपटाची दीर्घिका पाहू. जेड्स-जीएस-झेड१४-०, ताम्रसृती १४.१८, महास्फोटानंतर जेमतेम ३० कोटी वर्षांची अवस्था. तिचा पसारा सुमारे १,६०० प्रकाशवर्षं, आपल्या आकाशगंगेचा सुमारे १ लाख. ताऱ्यांचं वस्तुमान आपल्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास. हिला पूर्ण वाढलेली कसं म्हणायचं? चिलीतल्या अल्मा दुर्बिणीला तिच्यात ऑक्सिजन सापडला, त्याचंही नवल वाटतं. पण ऑक्सिजन बनवणारे अवजड तारे काही दशलक्ष वर्षांतच फुटतात. ३० कोटी वर्षांत त्यांच्या कित्येक पिढ्या होऊन जातात.

‘शास्त्रज्ञ घाबरले.’

कॅन्सस विद्यापीठाच्या अ‍ॅलिसन कर्कपॅट्रिक २०२२ मध्ये म्हणाल्या होत्या की पहाटे तीनला जागी पडून आपलं सगळं काम चुकलं की काय असा विचार मनात येतो. त्या हे दीर्घिकांच्या वाढीबद्दल बोलत होत्या. आपलं वाक्य महास्फोटाविरुद्ध वापरलं गेल्यावर त्यांनी जाहीर आक्षेप घेतला. तो आक्षेप फॉरवर्डमध्ये नाही.

‘विश्व २६.७ अब्ज वर्षांचं आहे.’

ओटावा विद्यापीठाचे राजेंद्र गुप्ता यांचं हे २०२३ मधलं गृहीतक. वाटेत प्रकाश थकतो ही जुनी कल्पना, विश्वाचं प्रसरण आणि काळाबरोबर बदलणारे भौतिक स्थिरांक यांचं ते मिश्रण आहे. गृहीतक मांडण्यात गैर काही नाही, पण मांडलं म्हणजे सिद्ध झालं असं होत नाही. प्रकाश नुसताच थकत असता तर दूरच्या सुपरनोव्हा मावळायला जास्त वेळ घेताना दिसल्या नसत्या. सुमारे १,५०० सुपरनोव्हांच्या २०२४ मधल्या मोजणीत हा वेळ (१ + ताम्रसृती) पटच वाढलेला आढळला. गुप्तांच्या मिश्रणात प्रसरण असल्याने त्यांना इथे थोडी सवलत मिळते. ताऱ्यांच्या वयाकडे मिळत नाही. आपल्या आकाशगंगेतल्या सर्वांत जुन्या तारकागुच्छांची वयं १२-१३ अब्ज वर्षांच्या आसपास आहेत. विश्व दुप्पट वयाचं असतं, तर २० अब्ज वर्षांचा एखादा तरी गुच्छ दिसायला हवा होता.

‘दीर्घिका ३३ अब्ज प्रकाशवर्षांवर, मग विश्व १३.८ अब्ज वर्षांचं कसं?’

प्रकाशाने सुमारे १३.५ अब्ज वर्षं प्रवास केला. तेवढ्या काळात मधलं अवकाश पसरत राहिलं. ३३ अब्ज हे आजचं अंतर.

‘रंग बनावट आहेत.’

वेब अवरक्त प्रकाश टिपते आणि तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून आखूड लहरींच्या फिल्टरला निळा आणि लांब लहरींच्याला लाल रंग देतात. क्रम तोच राहतो. शिवाय मोजमाप रंगीत चित्रावरून होतच नाही. ते प्रत्येक फिल्टरच्या मूळ फाइलमधल्या आकड्यांवरून होतं.

‘दीर्घिका बदलताना कुणी पाहिली?’

एकीलाही बदलताना कुणी पाहिलेलं नाही, पाहणारही नाही. फोंड्याकडच्या एखाद्या कुळागरात दुपारभर हिंडलात तर पोफळीची रोपं, फळाला आलेली झाडं आणि वठलेली खोडं एकत्र दिसतात. एकही झाड वाढताना न पाहता पोफळीचं आयुष्य कळतं. आकाशात यापेक्षाही सोय आहे: तिथे वयं अंतराप्रमाणे लावलेली आहेत. दिवाळीच्या अमावास्येला काणकोण किंवा सत्तरीतल्या अंधाऱ्या जागेवरून रात्री दहाच्या सुमारास उत्तरेला नुसत्या डोळ्यांनी देवयानी दीर्घिका दिसते. तो प्रकाश २५ लाख वर्षं जुना आहे.

डिसेंबर १९९५ मध्ये हबल अवकाश दुर्बिणीने सप्तर्षीतल्या रिकाम्या वाटणाऱ्या तुकड्याकडे १० दिवस पाहून ३४२ प्रतिमा घेतल्या. त्यांत सुमारे ३,००० दीर्घिका निघाल्या. २००३-०४ मध्ये फॉरनॅक्स या तारकासमूहात आणखी खोल पाहिलं, तेव्हा सुमारे १०,०००. दूरच्या दीर्घिका लहान, वेड्यावाकड्या आणि जड मूलद्रव्यांत गरीब दिसतात. एकूण तारेनिर्मिती सुमारे १० अब्ज वर्षांपूर्वी शिगेला होती, आजच्या दसपटीच्या आसपास. ताम्रसृतीप्रमाणे असा ठाम बदल दिसणं, हेच न बदलणाऱ्या विश्वाविरुद्धचं सर्वांत सरळ उत्तर आहे.

इथेही दोन सापळे आहेत. अंधुक म्हणजे दूर असं नव्हे. जवळची बटू दीर्घिकाही अंधुकच दिसते, म्हणून ताम्रसृती हवीच. दुसरा सापळा जास्त कपटी: पृष्ठाची तेजस्विता (१ + ताम्रसृती) च्या चौथ्या घाताने घटते. ताम्रसृती २ ला ८१ पट, ९ ला १०,००० पट. तबकडीच्या कडा बुडतात आणि दीर्घिका उगाच लहान वाटते. हे पारखायला जवळच्या दीर्घिकेची प्रतिमा तेवढी मंद करायची, आक्रसायची, तिच्यात दुर्बिणीचा गोंगाट मिसळायचा आणि पुन्हा मोजायची. जो फरक त्यानंतरही उरेल तो खरा. आकार लहान असण्याचा फरक उरतो.

‘हे सगळं परदेशी, आपल्याला पडताळता येत नाही.’

पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी वेबच्या निरीक्षणांतूनच ‘अलकनंदा’ ही सर्पिल दीर्घिका शोधली. ताम्रसृती सुमारे ४, महास्फोटानंतर दीड अब्ज वर्षांची अवस्था. इतक्या लवकर इतकी नेटकी सर्पिल कशी घडली, हा त्यांचाही प्रश्न आहे आणि त्यांनी तो उघडपणे मांडला आहे.

मडगावात बसूनही तपासणी करता येते. वेबच्या जेड्स सर्वेक्षणाच्या फाइली नासाच्या मास्ट संग्रहातून फुकट उतरवता येतात. एकेक फाइल काही जीबींची असते, म्हणून मोबाइलच्या डेटावर उतरवू नका. डीएस९ हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. एफ१५०डब्ल्यू आणि एफ२७७डब्ल्यू या फिल्टरांच्या प्रतिमा उघडा, आकाशातल्या निर्देशांकांनुसार जुळवा आणि दोन्हींची उजेडाची पट्टी सारखी ठेवा. ती वेगळी राहिली तर नसलेला फरकही दिसतो. मग झेड१४-० च्या जागी जाऊन दोन्ही आळीपाळीने लुकलुकवा. १.५ मायक्रोमीटरला तिथे काळोख, २.७७ ला ठिपका. तो आकाशाचा तुकडाही फॉरनॅक्समधलाच, डिसेंबरअखेर रात्री साडेनऊ-दहाला गोव्यातून दक्षिणेला क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर येणारा.