डार्विन, वॉलेस आणि 'चोरी'चा आरोप : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही मनापासून लिहिलंत, तेव्हा मीही सविस्तर उत्तर देतो. जगायला उपयोगी गुण असलेले जीव जास्त तगतात आणि त्यातून जाती बदलत जातात, हा नैसर्गिक निवडीचा सिद्धांत 'डार्विन आणि वॉलेस या दोघांचा', म्हणजे दोन ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञांचा, असं मी लेखात म्हटलं होतं. ही निव्वळ धूळफेक आहे, असं तुमचं म्हणणं. वॉलेसने १८५८ मध्ये आपल्या निबंधासह पाठवलेलं पत्र डार्विनने दडवलं, त्यातली कल्पना उचलली, लंडनमधल्या वजनदार मित्रांनी प्रकरण मिटवलं आणि मी त्यावर पांघरूण घालतोय, असं तुम्ही लिहिता.

मित्रांचं आधी घेतो, कारण तिथे तुमचा राग रास्त आहे. वॉलेसचा निबंध हाती आल्याचं डार्विनने भूवैज्ञानिक मित्र लायेलला १८ जून १८५८ च्या पत्रात कळवलं, आणि १ जुलैला लायेल आणि दुसरा मित्र, वनस्पतिशास्त्रज्ञ हूकर, यांनी तो लंडनच्या लिनियन सोसायटीत, म्हणजे निसर्गशास्त्रज्ञांच्या संस्थेत, वाचायला लावलासुद्धा. वॉलेस तेव्हा न्यू गिनीत. निबंध छापा असं त्याने म्हटलंच नव्हतं, लायेलना दाखवा एवढंच म्हटलं होतं. सभेत आधी डार्विनचा १८४४ चा उतारा, मग त्याच्या एका पत्राचा सारांश आणि सर्वांत शेवटी वॉलेस. तारखांप्रमाणे लावलं, असं याचं समर्थन करता येतं. पण तिन्हींतला एकसंध, पूर्ण निबंध वॉलेसचाच होता, आणि त्याच्या संमतीसाठी कुणी थांबलं नाही. ते मला आजही खटकतं. डार्विन त्या सभेला नव्हता. तीनच दिवसांपूर्वी त्याचं तान्हं मूल गेलं होतं.

आता चोरी. सभेत वाचलेलं ते पत्र डार्विनने ५ सप्टेंबर १८५७ ला अमेरिकेतल्या एसा ग्रे या वनस्पतिशास्त्रज्ञाला लिहिलं होतं. वॉलेसला तापात कल्पना सुचली ती त्यानंतर, फेब्रुवारी १८५८ मध्ये, आजच्या इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांवर. डार्विनने वॉलेसकडून नेमकं काय उचललं असं विचारलं, की आरोप करणारे बहुतेकदा एकाच मुद्द्यावर बोट ठेवतात : एका मूळ जातीपासून शाखा फुटत फुटत दूर कशा जातात. तो मुद्दा ग्रेला लिहिलेल्या पत्रात स्पष्ट आहे. वॉलेसचं दुसरं एक पत्र ३ जूनला इंग्लंडमधल्या लेस्टरला पोचलं, म्हणून डार्विनचंही तेव्हाच आलं असणार, असं तुम्ही म्हणता. तो तर्क आहे. डार्विनला आलेलं पत्र आणि पाकीट आज शिल्लक नाही. आणि समजा, पंधरा दिवस आधी आलंही असेल, म्हणून अमेरिकेत नऊ महिने आधी गेलेलं पत्र बदलत नाही. १८४४ चा सुमारे २३० पानांचा मसुदा तर हूकरने कधीच वाचलेला होता. आपण मेलो तर तो छापावा, त्यासाठी ४०० पौंड खर्चावेत, असंही डार्विनने पत्नीला तेव्हा लिहून ठेवलं होतं.

दोन्ही लेखन शेजारी ठेवून वाचा, एवढं मात्र मी आग्रहाने सांगेन. डार्विन सुरुवात करतो ती माणसाने केलेल्या निवडीपासून : पाळीव जनावरांची पैदास करणारे जे करतात, तेच निसर्ग सावकाश करतो. वॉलेस नेमकं उलट म्हणतो. पाळीव जनावरं कृत्रिम परिस्थितीत जगतात, त्यांच्यावरून रानातल्या प्राण्यांबद्दल निष्कर्ष काढूच नका. मग तो वाफेच्या इंजिनाचा वेग आपोआप आवरणाऱ्या नियंत्रकाचं उदाहरण देतो : बिघाड नजरेत भरण्याआधीच दुरुस्त होतो, तसंच निसर्गातही चालतं. एका निष्कर्षाला पोचलेली ही दोन स्वतंत्र डोकी आहेत. चोरीची गोष्ट सांगितली, की वॉलेसच्या डोक्याचं हे वेगळेपणच पुसलं जातं, आणि उरतो फक्त एक बिचारा.

तो बिचारा नव्हताच. नैसर्गिक निवडीने माणसाच्या बुद्धीचा उलगडा होत नाही, असं त्याने १८६९ मध्ये जाहीरपणे लिहिलं आणि डार्विनला दुखावलं. (त्या वादात मी डार्विनच्या बाजूचा.) असा माणूस स्वतःची कल्पना चोरीला गेल्यावर भिडेपोटी आयुष्यभर गप्प बसेल, हे मला पटत नाही. १८८९ मध्ये, डार्विन जाऊन सात वर्षं झाल्यावर, त्याने आपल्या पुस्तकाला नाव दिलं 'डार्विनिझम'. १९०८ मध्ये लिनियन सोसायटीने गौरव केला तेव्हा तो म्हणाला, आमच्या श्रेयाचं प्रमाण वीस वर्षांना एक आठवडा असं धरा. मला हा हिशोब वॉलेसवर अन्याय करणारा वाटतो, कारण त्या आठवड्यामागे ॲमेझॉनची चार वर्षं आणि मलाय द्वीपसमूहातलीही जवळपास तेवढीच भटकंती होती. पण हिशोब त्याचा स्वतःचा आहे.

श्रेय वाटायचंच असेल, तर ते अलीपर्यंत न्या. बोर्निओ बेटावरच्या सारावाकचा हा तरुण वॉलेसचा मदतनीस. पक्षी मारायचा, सोलून त्यांची कातडी टिकवायचा, आजारी वॉलेसचं दुखणंखुपणं बघायचा. १८५८ च्या ऑक्टोबरमध्ये, लंडनमधल्या सभेला चार महिनेही झाले नव्हते, तेव्हा बाचान बेटावर त्याने एक पक्षी आणून दाखवला : छातीवर चकचकीत हिरवी पिसं, आणि दोन्ही खांद्यांतून निघालेली दोन-दोन लांब पांढरी पिसं. स्वर्गीय पक्ष्यांतला हा नवाच प्रकार होता. अलीने तो आणला हे वॉलेसने स्वतः लिहून ठेवलंय. शास्त्रीय नावात मात्र वॉलेस आहे, अली नाही. तुम्ही यावर लिहिलंत, तर मी नक्की वाचेन.