गाला प्लॅसिडियाला एका ओळीत उरकू नका

तुमच्या लेखात पाचव्या शतकातल्या रोमन सम्राज्ञी गाला प्लॅसिडियाला 'गॉथांनी (म्हणजे जर्मानिक टोळ्यांनी) पळवलेली राजकन्या' म्हणून एका ओळीत उरकलंय, ते अजिबात पटलं नाही. अहो, इ.स. ४२५ पासून १२ वर्षं तिसऱ्या व्हॅलेंटिनियनच्या, म्हणजे आपल्या लहान पोराच्या नावाने पश्चिम रोमन साम्राज्याचा कारभार तिनेच बघितला, त्याचं काय?

मी तिच्यावरचं ऑडिओबुक रोज पोळ्या करताना ऐकायचे, आधी तिचं तान्हं बाळ बार्सिलोनात गेलं, त्याला चांदीच्या पेटीत पुरलं, मग ४१५ मध्ये तिचा नवरा, गॉथांचा राजा अथॉल्फ, याचा खून झाला आणि गॉथांच्या नव्या राजाने तिला बाकी कैद्यांबरोबर स्वतःच्या घोड्यापुढे १२ मैल पायी चालवलं, हे ऐकताना हातातलं लाटणं थांबलं आणि तव्यावरची पोळी करपली. एवढं सोसून जिने राज्य चालवलं तिच्याबद्दल निदान एक परिच्छेद तरी लिहायला हवा होता.