लेआउट मंजुरी म्हणजे निव्वळ अडवणूक? त्या मजकुराला मुद्देनिहाय उत्तर

प्लॉट शोधणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. त्याचं सार असं: लेआउट मंजुरी, म्हणजे जमिनीत प्लॉट आणि रस्ते कसे पाडायचे त्या नकाशाला (रेखांकनाला) घ्यावी लागणारी सरकारी मंजुरी, हा सामान्य माणसाला लुटण्याचा प्रकार आहे. खरेदीखत रजिस्टर झालं, सातबाऱ्यावर नाव लागलं, घरपट्टी सुरू झाली की प्लॉट पक्का. आता एनए (शेतजमीन घरांसाठी वापरण्याची अकृषिक परवानगी) लागत नाही, तुकडेबंदीही (जमिनीच्या फार लहान तुकड्यांच्या व्यवहारावरची बंदी) उठली. मंजुरीच्या नादात तिसरा हिस्सा जमीन वाया जाते, म्हणूनच प्लॉट महाग होतात. फाईल वर्षानुवर्षे हलत नाही, आणि छाननी होते ती फक्त कागदावर. आणि काही राहिलंच तर पुढे गुंठेवारीत (मंजुरीशिवाय पाडलेले प्लॉट नियमित करण्याच्या कायद्यात) सगळं नियमित होतं.

रेखांकनाचे प्रस्ताव तयार करून नगररचना कार्यालयात दाखल करणं हे माझं काम. असा मजकूर वाचून विसार दिलेली माणसं माझ्याकडे येतात तेव्हा करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘खरेदीखत झालं, सातबाऱ्यावर नाव लागलं, की प्लॉट पक्का’

दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो. मुद्रांक शुल्क भरलं का, लिहून देणारा-घेणारा समोर आहेत का, ओळख पटली का, हे तो पाहतो. त्या जागेवर घर बांधता येईल का, तिथवर रस्ता आहे का, याची हमी तो देत नाही. सातबारा हा महसुली अभिलेख आहे. नुसत्या फेरफार नोंदीने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी स्पष्ट केलं आहे.

अशा योजनेतला सातबारा नीट उघडून बघा. भोगवटादाराच्या रकान्यात अकरा नावं असतात, एकमेकांना कधी न भेटलेली, आणि क्षेत्र ०.११.०० हेक्टर, सामाईक. तुकडेबंदीमुळे एका गुंठ्याचं स्वतंत्र खरेदीखत अडतं म्हणून अकरा अनोळखी माणसांना एका दस्तात बसवलेलं असतं. तुमचा हिस्सा कुठल्या कोपऱ्यात, त्याच्या चतुःसीमा कोणत्या, हे त्या सातबाऱ्यावर कुठेच नाही. ‘प्लॉट नं. ७’ हा आकडा फक्त विकणाऱ्याच्या झेरॉक्स नकाशावर आणि जमिनीत पुरलेल्या दगडावर असतो. उद्या त्या अकरांपैकी एकाच्या वारसांनी वाटपाचा दावा लावला, तर बाकीचे दहा आपोआप प्रतिवादी होतात. बँक अशा हिश्श्यावर कर्ज द्यायला का नाखूश असते, ते यातून कळावं.

घरपट्टीचं तर अगदी थोडक्यात. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा कागद आहे. गावठाणाबाहेरचं रेखांकन मंजूर करायचा अधिकार ग्रामपंचायतीला नाही. महापालिका कायद्याच्या कलम २६७अ मध्ये तर स्पष्टच लिहिलं आहे की अनधिकृत बांधकामावर कर वसूल केला म्हणून ते बांधकाम नियमित झालं असं समजू नये.

‘आता एनए लागत नाही, तुकडेबंदीही उठली’

हा मुद्दा सगळ्यांत जास्त फसवा आहे, कारण त्यात अर्धं खरं आहे. जमीन महसूल संहितेत ४२अ ते ४२ड ही कलमं आल्यापासून विकास योजनेतल्या (शहराच्या मंजूर नियोजन आराखड्यातल्या) रहिवासी विभागात किंवा गावठाणालगतच्या २०० मीटरच्या पट्ट्यात जुन्या पद्धतीची वेगळी एनए परवानगी घेण्याची कटकट बरीच कमी झाली. ठरलेली रक्कम भरली की जमीन अकृषिक मानली जाते. चांगला बदल आहे हा.

पण एनएचा प्रश्न एवढाच असतो की ही जमीन शेतीऐवजी घरांसाठी वापरता येईल का. ती तुकडे करून कशी मांडायची, हा प्रश्न वेगळ्या कायद्यातला आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये ‘विकास’ या संज्ञेच्या व्याख्येतच जमिनीचं रेखांकन आणि पोटविभागणी येते. म्हणजे तुम्ही अजून एक वीटही रचली नसली, नुसते प्लॉट पाडले, तरी कायद्याच्या नजरेत तो विकासच, आणि त्याला नियोजन प्राधिकरणाची परवानगी लागते. प्राधिकरणाच्या हद्दीबाहेर, प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात, कलम १८ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे जावं लागतं. एनए सोपं झाल्याने यातलं काहीही बदललेलं नाही.

तुकडेबंदीचंही तसंच. १९४७ चा तो कायदा जमिनीच्या फार लहान तुकड्यांचा व्यवहार रोखतो. २०२५ मध्ये सरकारने नागरी भागातल्या जुन्या तुकड्यांना मोकळीक देण्याची घोषणा विधिमंडळात केली. ज्यांचे व्यवहार वर्षानुवर्षे अडकून पडले होते त्यांना तो दिलासा आहे, आणि तो मिळायलाच हवा होता. मात्र ती सवलत जुन्या व्यवहारांपुरती. आज नव्याने शेत विकत घेऊन त्याचे गुंठे पाडणाऱ्याला त्यातून परवाना मिळत नाही.

‘मंजुरीत तिसरा हिस्सा जमीन वाया जाते’

इथे जरा थांबतो, कारण सगळ्या मजकुराचा जीव या एका वाक्यात आहे.

एक एकर जमीन घ्या. ४० गुंठे, ढोबळमानाने ४,००० चौरस मीटर. समजा ती १०० मीटर लांब आणि ४० मीटर रुंद आहे. डिसेंबर २०२० पासून मुंबई वगळता बहुतेक राज्यात लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे आत ९ मीटरचा रस्ता धरला, तर त्यात ९०० चौरस मीटर जातात. ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीत १० टक्के खुली जागा सोडावी लागते, म्हणजे ४००. विकायला उरतात २,७००, साधारण २७ गुंठे. मंजुरी न घेणारा मधून १५ फुटांचा रस्ता काढतो आणि खुली जागा सोडत नाही. त्याच्याकडे ३५ गुंठे उरतात. हा जो आठ गुंठ्यांचा फरक आहे, त्यालाच मजकुरात ‘वाया गेलेली जमीन’ म्हटलं आहे.

मंजूर लेआउटमधला प्लॉट महाग असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. ४० गुंठ्यांची किंमत २७ गुंठ्यांवर बसते, शिवाय रस्ते, गटार, पाण्याची लाईन, विजेचे खांब यांचा खर्च. पण ते आठ गुंठे विकले गेल्यावर त्या वसाहतीत काय होतं ते पाहा.

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, ३३ बाय ३३. मालक प्लॉटच्या कडेपर्यंत बांधतो, कारण जागाच तेवढी. पायऱ्या आणि ओटा रस्त्यावर येतात, मग दारातली गाडी. १५ फुटांचा रस्ता चालायला आठ-दहा फूट उरतो. अग्निशमनाची गाडी किंवा रुग्णवाहिका कोपऱ्यावरच थांबते. ड्रेनेज लाईन नाही म्हणून प्रत्येकाचा शोषखड्डा स्वतःच्या ३३ फुटांत, आणि शेजाऱ्याचं बोअर त्यापासून हातभर अंतरावर. पुढे कधी ड्रेनेज टाकायचं ठरलं तरी रस्त्याचा उतार कुणी पाहिलेला नसतो. लाईनचा शेवट कुठे काढायचा हेच ठरत नाही. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे तो रस्ताही सातबाऱ्यावर मूळ मालकाच्याच नावावर राहिलेला असतो. नगरपालिका म्हणते, खासगी जागेवर निधी कसा खर्च करू? दहा-पंधरा वर्षांनी मूळ मालकाची मुलं येऊन त्याच रस्त्याला तारेचं कुंपण घालतात. या तंट्याचे कागद घेऊन आलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांचा राग समजतो, पण नकाशावर दाखवायला त्यांच्याकडे रस्ताच नसतो.

मंजूर रेखांकनात हे आधी ठरतं. रस्ता शेजारच्या जमिनीतल्या रस्त्याला जुळतो का, विकास योजनेतला रस्ता किंवा आरक्षण (सार्वजनिक कामासाठी राखलेली जागा) या गटातून जातं का, पाण्याचा उतार कुठे, नाला कुठे, खुली जागा सगळ्यांना पोचण्यासारखी आहे की एखादा निरुपयोगी कोपरा सोडला आहे, हे पाहिलं जातं. घर बांधणारा एकटा माणूस यातली एकही गोष्ट नंतर करू शकत नाही. तो स्वतःचं घर पाडून दुसरं बांधू शकतो. वसाहतीचा रस्ता रुंद करू शकत नाही.

‘वाया गेलेल्या’ जमिनीचा जुना दाखला हवा असेल तर मुंबईतच आहे. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये शहर सुधारणेसाठी ट्रस्ट नेमला गेला आणि त्याच्या दादर-माटुंगा योजनेतून पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी, पाच उद्यानं उभी राहिली. रुंद रस्ते आणि बागा तेव्हाही विकाऊ जमिनीतूनच सोडाव्या लागल्या होत्या.

‘छाननी फक्त कागदावर, साइटवर कोण बघतं?’

कधीकधी खरंच कुणी बघत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला, माणसं गेली, आणि पाणी फक्त वस्त्यांत शिरलं नाही; कागदपत्रं चोख असलेल्या सोसायट्यांच्या तळमजल्यातही शिरलं. म्हणजे मंजुरी देणाऱ्या यंत्रणेनेही ओढ्याला पुरेशी जागा ठेवली की नाही, हा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि जोरात विचारला पाहिजे.

पण त्यावरून छाननीच नको, हा निष्कर्ष कसा निघतो? नदीकाठी निळी पूररेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर बांधायला मनाई आहे. गुंठे पाडणाऱ्याच्या नकाशावर या दोन्ही रेषा नसतात. उलट, नाल्याकाठचा प्लॉट ‘हवेशीर, कॉर्नर’ म्हणून आधी विकला जातो. पावसाळ्यापूर्वी त्या नाल्यात मुरूम टाकून तो अरुंद केलेला असतो, आणि घेणारा उन्हाळ्यात जागा बघायला येतो.

‘फाईल वर्षानुवर्षे अडवतात’

या तक्रारीशी मी पूर्ण सहमत आहे. त्रुटी एकदम न कळवता एकेक करून कळवणं, मोजणीसाठी महिनोन्‌महिने थांबणं, लहान नगरपालिकांत नगररचनेचा पूर्णवेळ जाणकार अधिकारीच नसणं, हे सगळं रोजचं आहे. त्याचा फायदा बेकायदा प्लॉट पाडणाऱ्यांना होतो, हेही खरं.

मात्र त्या मजकुरात न लिहिलेलं एक आहे. त्याच १९६६ च्या नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ प्रमाणे अर्जावर, किंवा मागितलेल्या माहितीच्या उत्तरावर, ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं मानलं जातं. अट एकच: प्रस्ताव नियमांत तंतोतंत बसला पाहिजे. नकार आला किंवा जाचक अट घातली, तर कलम ४७ खाली ४० दिवसांत शासनाकडे अपील करता येतं. ज्यांचा प्रस्ताव स्वच्छ आहे त्यांनी या तरतुदी वापरायला हव्यात, आणि वास्तुविशारद-अभियंत्यांनी आपल्या अशिलांना त्या सांगायला हव्यात. आम्ही त्या पुरेशा सांगत नाही.

शिवाय आताच्या नियमावलीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे सुमारे दीड गुंठ्याच्या प्लॉटवर घर बांधण्याची परवानगी बरीच सोपी केली आहे. ज्याच्यासाठी हा मजकूर लिहिल्याचा दावा आहे, तो हाच माणूस. पण त्याला ही सोय मिळायची तर प्लॉट मंजूर रेखांकनातला हवा.

‘शेवटी सगळं नियमित होतंच’

गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा २००१ चा. त्यात १ जानेवारी २००१ पर्यंतचे भूखंड धरले होते. ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे गेली ती २०२१ मध्ये. मधली वीस वर्षं ज्यांनी प्लॉट घेतले त्यांनी कर्जाशिवाय, रीतसर बांधकाम परवानगीशिवाय, नोटिशीच्या धाकात काढली. पुढची तारीख कधी सरकेल, सरकेल का, हे कुणीही तुम्हाला लिहून देणार नाही.

नियमित होताना तडजोड शुल्क आणि विकास शुल्क भरायचं ते प्लॉटधारकाने. विकणारा तोवर पैसे घेऊन मोकळा झालेला असतो. आणि शुल्क भरल्यावर कागद नियमित होतो; १५ फुटांचा रस्ता १५ फुटांचाच राहतो. आरक्षणात, विकास योजनेच्या रस्त्यात किंवा पूररेषेत अडकलेल्या प्लॉटला हा दरवाजा सहसा उघडतच नाही.

विसार देण्याआधी चार कागद मागा. नियोजन प्राधिकरणाकडून गट क्रमांकाचा झोन दाखला आणि भाग नकाशा. तो तुम्ही स्वतः अर्ज करून काढू शकता. मंजूर रेखांकनाची प्रत, आणि त्यावर शिक्का तात्पुरत्या मंजुरीचा आहे की अंतिम, ते वाचा; तात्पुरत्या मंजुरीनंतर मोजणी आणि प्रत्यक्ष आखणी होते, आणि त्यात प्लॉटचे आकार बदलू शकतात. भूमी अभिलेखचा मोजणी नकाशा. आणि महारेराचा (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक: ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरच्या प्लॉट योजनेची नोंदणी न करता जाहिरात करणंही २०१६ च्या रेरा कायद्यात बसत नाही. तो क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर घालून बघा, तिथे चढवलेला नकाशा आणि तुमच्या हातातला नकाशा शेजारी शेजारी ठेवा, आणि रस्त्यांची रुंदी व खुली जागा दोन्हीकडे सारखी आहे का ते तपासा. जुळत नसेल तर विसार देऊ नका.