मेंढीच्या लोकरीला भाव नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं

दिवाळी उलटली की आमच्या पुरंदरच्या रानांतून धनगरांचे वाडे, म्हणजे त्यांचे फिरते तांडे, कोकणाकडं सरकायला लागतात. पुढं घोडं, घोड्यावर सगळं बिऱ्हाड, त्यावर बांधलेलं कोंबड्यांचं डालगं, आणि मागं रस्ताभर मेंढरं. वडिलांच्या काळापासून माणदेशातलं एक कुटुंब वाटेत आमच्याकडं थांबतं. पीक निघालेल्या रानात वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून दोन-तीन रात्री मेंढरं बसवायची, लेंडीखत रानाला मिळतं, आणि आम्ही त्यांना धान्य आणि पैसे द्यायचे. याचा कुठं कागद झालेला नाही, पण एवढ्या वर्षांत एकदाही वाद झाला नाही.

यंदा त्यांनी आमच्याच रानात मेंढरं कातरली. मी दिवसभर तिथंच बसून होतो. मेंढरू आडवं पाडून पाय बांधायचे आणि अंगालगत कातर चालवायची. कातडीला ओरखडा नाही, आणि लोकर मात्र गोधडीच्या पदरासारखी सलग सुटून येते. हातात घेतली तर आधी टोचते, मग बोटं तेलकट होतात. मेंढीच्या कातडीतूनच हे मेण येतं, लॅनोलिन म्हणतात त्याला. पावसाचं पाणी लोकरीवरून निथळून जातं ते यामुळंच.

संध्याकाळी कंबरेएवढा ढीग झाला. मी विचारलं, "मामा, ही आता कुठं जायची?"

"कुठं जाती? हितंच. घ्यायला कोण येतंय आता? टाका तुमच्या झाडांच्या बुडात."

मेंढी वर्षातून दोनदा कातरावीच लागते, नाहीतर अंगात गोचीड-पिसवा होतात. म्हणजे कातरणाऱ्याची मजुरी चुकत नाही. लोकर विकून ती मजुरीसुद्धा निघत नाही. ज्या मालावर गावंच्या गावं हिवाळा काढायची, तो माल आता पदरचे पैसे घालून काढून टाकायचा! ऐकून मला रात्री नीट झोप लागली नाही.

आपली ही दख्खनी मेंढी. बहुतेक काळी, काटक, रोज मैलोन्‌मैल चालणारी, काट्याकुट्यांवर जगणारी. तिची लोकर भरड म्हणून तिला कायम नावं ठेवली गेली. मेरिनो, रॅम्बुले या परदेशी मेंढ्यांशी संकर करून लोकर मऊ करायचे प्रयत्नही झाले. मऊ लोकर स्वेटरला हवी, हे खरं. पण रानात, पावसात, दगडावर अंथरायला भरडच लोकर लागते. घोंगडी तिच्यापासूनच होते. आता मटणाला भाव आहे, त्यामुळं जत भागातल्या माडग्याळ मेंढीकडं ओढा आहे. ती उंच, वजनदार, पांढऱ्यावर तांबूस ठिपक्यांची, दिसायला खरोखर देखणी. पण तिच्या अंगावर नाव घेण्याजोगी लोकर नाही. धनगराला मी यात दोष देणार नाही, त्यालाही घर चालवायचं आहे. फक्त एकदा काळ्या मेंढीचं रक्त कळपातून गेलं की ते बाजारातून विकत आणता येत नाही, एवढं आपण सगळ्यांनी ध्यानात घ्यावं.

सुधारणा कशी करावी याचं उत्तम उदाहरण फलटणलाच आहे. निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनातल्या छोट्याशा गॅरोल मेंढीचा जुळी कोकरं देणारा जनुक आपल्या दख्खनी मेंढीत आणला आणि 'नारी सुवर्णा' तयार केली. तोच जनुक अठराव्या शतकाच्या शेवटी बंगालच्या मेंढ्यांबरोबर जहाजातून ऑस्ट्रेलियाला पोचला होता, आणि तिथल्या बुरूला मेरिनोत तो सापडला. मला ही हकीकत फार आवडते. इथं दख्खनी मेंढीला बाजूला सारलं नाही, तिच्यातच भर घातली. मेंढपाळाला उत्पन्नही वाढलं पाहिजे, त्याशिवाय तो जात का म्हणून सांभाळेल?

आता घोंगडीबद्दल. लोकर पिंजायची, सूत काढायचं, ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ लावायची आणि मग खड्डामागावर विणायचं. सनगर समाजानं ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. रंग द्यायचा नाही. काळी, करडी, पांढरी, मेंढीचा जो रंग तोच घोंगडीचा. कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ, ती सगळ्यात मऊ आणि सगळ्यात मानाची.

हल्ली घोंगडी सगळे आजार बरे करते असं सांगून विकतात. कृपा करून असं करू नका. तिचे खरे गुण काय कमी आहेत? लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी ओल शोषून घेते आणि तरी अंगाला ओली लागत नाही. ठिणगी पडली तर भडकत नाही. फाटली, जुनी झाली, तर मातीत मिसळून जाते. प्लॅस्टिकच्या धाग्याचं ब्लँकेट यातलं काहीच करत नाही.

मी स्वतः फसलो आहे म्हणून सांगतो. एका दुकानातून आईसाठी 'अस्सल घोंगडी' म्हणून घेतली, घरी येऊन कडेचा एक धागा काढून काडी लावली, तर तो वितळून मण्यासारखा टणक झाला. खरी लोकर सावकाश जळते, केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरगळते. घेण्याआधी एक धागा मागा. खरा विणकर हसत देतो.

पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा आणि खोबऱ्याबरोबर लोकर उधळतात. देवाला वाहायची ही वस्तू आमच्या झाडांच्या बुडात जाणार होती. मी त्यांना तसं करू दिलं नाही. कातरणीची मजुरी भागून वर थोडं राहील एवढे पैसे देऊन दोन पोती घेतली आणि ओळखीच्या विणकराकडं पोचवली. तुमच्या रानात मेंढरं बसत असतील तर कातरणी कधी आहे हे आधीच विचारून ठेवा, आणि जवळपासच्या विणकराला निरोप द्या.

पोती भरताना मामांच्या घरच्या मावशींनी ढिगातून जावळ वेगळं वेचून ठेवलं. ते मागितल्यावर त्यांनी नाही म्हणून मान हलवली. लेकीला सातवा महिना आहे म्हणाल्या.